‘दोन शब्द’ बोलण्याची भीती आपणच शिकवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या 1 ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. टिळक गेले तो आणि अण्णा भाऊ जन्मले तो दिवस एकच, 1 ऑगस्ट 1920. त्या निमित्तानं नाशिक शहरात आणि जिल्ह्यात शाळाशाळांतून भाषणं होतील. आत्ता घराघरांत आई नाहीतर बाबा हातात वही धरून बसले असतील आणि समोर पाचवीतलं पोर छताकडे बघत म्हणत असेल, “सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.” त्यापुढे शेंगांच्या टरफलांची गोष्ट. शालेय स्पर्धांचं परीक्षण आणि मोठ्या माणसांना चारचौघांत बोलायला शिकवणं अशी दोन्ही कामं आम्ही करतो, म्हणून या मोसमात हे पत्र. चाळिशीत ज्यांचे पाय स्टेजवर लटपटतात, त्यांच्या भीतीचं बी पुष्कळदा याच वाक्यात पेरलेलं असतं.

‘दोन शब्द’ म्हणणारं हे वाक्य मोजून 25 शब्दांचं आहे. पोर ते एका दमात म्हणतं. वाक्य संपतं तेव्हा छातीत हवा उरलेली नसते, पुढचा श्वास घाईनं आणि वरवरचा घेतला जातो आणि तिथून शेवटपर्यंत धाप लागल्यासारखं बोलणं चालतं. शिवाय हे पोराचं स्वतःचं वाक्य नव्हे. पाठ केलेलं भाषण माळेसारखं ओवलेलं असतं. मधला एक मणी निसटला की पुढचे सगळे घरंगळतात, कारण प्रत्येक वाक्याची आठवण आधीच्या वाक्याला बांधलेली असते, अर्थाला नाही. मग मूल गप्प उभं राहतं, मागून कुणीतरी हसतं, बाई खालून शब्द पुरवतात आणि त्या अर्ध्या मिनिटाची आठवण तीस वर्षं टिकते.

भीतीच्या वेळी शरीरात काय होतं, हे आपल्या भाषेला डॉक्टरांच्या आधी कळलं असावं. छातीत धडधड, घशाला कोरड, हातपाय गार, पोटात गोळा, बोबडी वळणं: एकही शब्दप्रयोग उगाच नाही. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि हृदय वेगानं चालू लागतं. रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार. पचन मंदावतं, म्हणून गोळा. पातळ लाळ कमी होते, म्हणून कोरड. आणि कोरड्या तोंडात जीभ टाळूला चिकटते, म्हणून बोबडी. गळ्याचे स्नायू ताठरल्यानं आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत जातो. ही सगळी तयारी पळण्याची किंवा दोन हात करण्याची असते. आपण मात्र तिथे शाल-श्रीफळ घेऊन स्तब्ध उभे असतो, म्हणून ती ताकद हातापायांच्या थरथरीतून बाहेर पडते. यात दुबळेपणा काही नाही. बोलायला लागल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत ही लाट बहुतेकांची ओसरू लागते. तेवढा वेळ कसा काढायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता एक बाहेरची गोष्ट, कारण तिचा आपल्या स्पर्धांशी थेट संबंध आहे. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 साली माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. माणसाला थोडा वेळ तयारी करू द्यायची, पण बोलताना टिपणं वापरू द्यायची नाहीत. समोर परीक्षक बसवायचे, त्यांनी चेहऱ्यावरची रेघही हलवायची नाही, मान डोलवायची नाही. कॅमेरा लावायचा. पाच मिनिटं भाषण आणि मग पाच मिनिटं तोंडी वजाबाकी, 1022 मधून 13-13 कमी करत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. यातून गेलेल्या बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं सापडतं. वजाबाकी वगळा आणि आपली आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आठवा. हातात कागद नको, परीक्षकांचे चेहरे दगडी, समोर पालकांचे मोबाइल, वेळ संपल्याची घंटा. ताण निर्माण करायची कृती आपण जशीच्या तशी राबवतो आणि वर मुलांना सांगतो, घाबरू नकोस.

स्पर्धा बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. धीट मुलांना त्यांचा उपयोग होतो. पण वर्गातली जी मुलं घाबरतात त्यांच्यासाठी स्पर्धा ही पहिली पायरी असूच शकत नाही, आणि आपल्याकडे बहुधा तीच पहिली आणि तीच शेवटची असते. परीक्षकांना तर एक विनंती आजच करता येईल: मुलाच्या पहिल्या तीन वाक्यांना मान हलवा. गुण देताना निःपक्षपाती राहायला चेहरा दगडी ठेवावा लागत नाही.

तयारीचं सांगायचं तर लिहून पाठ करण्याऐवजी मुद्द्यांवर बोलायला शिकवावं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्यायचा, त्यावर फार तर पाच शब्द मोठ्या अक्षरात लिहायचे, प्रत्येक मुद्द्याला एकच शब्द. टिळकांवर बोलायचं तर ‘केसरी’, ‘गणेशोत्सव’, ‘मंडाले’ एवढं पुरतं. जाड कागदच का? वहीचं फाडलेलं पान थरथरणाऱ्या हातात फडफडतं, त्याचा आवाज माइकमधून घुमतो आणि आपण घाबरलोय हे आपल्यालाच नव्यानं कळतं. पाठ करायचीच तर फक्त दोन वाक्यं करावीत, पहिलं आणि शेवटचं. पहिलं, कारण लाट तेव्हा सर्वांत उंच असते. शेवटचं, कारण ते नसलं की माणूस ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून पळ काढतो. मधला भाग उभं राहून, मोठ्यानं, निदान पाच-सहा वेळा बोलून बघावा आणि दर वेळी शब्द वेगळे आले तर बिघडलं असं न समजता जमतंय असं समजावं. खुर्चीत बसून मनातल्या मनात केलेली उजळणी ही उजळणी नव्हे. तिच्यात श्वास लागत नाही, जीभ अडखळत नाही आणि वेळेचाही अंदाज येत नाही.

वेळेबद्दल बोलायलाच हवं. सावकाश आणि स्वच्छ मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. पाच मिनिटांचं भाषण म्हणजे पाचशे-सहाशे शब्द. शिक्षक प्रेमापोटी नऊशे लिहून देतात. मग मूल धावतं, धावल्यानं धाप लागते, आणि धापेला मेंदू भीतीच समजतो. भाषण कापलं तर निम्मी भीती तिथेच कापली जाते.

श्वासाचा सल्ला सगळेच देतात आणि अर्धवट देतात. ‘खोल श्वास घे’ म्हटलं की घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास ओढतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि त्याला वाटतं आता चक्कर येणार. भर सोडण्यावर हवा. नाकानं चार आकडे मोजत घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा; मिनिटाला सहा श्वास झाले, असे दोन-तीन मिनिटं. खुर्चीत बसल्या बसल्या करता येतं, कुणाला कळतही नाही. उभं राहताना वजन दोन्ही पायांवर, पायांत वीतभर अंतर आणि गुडघे किंचित सैल. गुडघे ताठ करून फार वेळ उभं राहिलं तर चक्करही येऊ शकते. कडकडीत उपास करून बोलायला जाऊ नये, तासभर आधी थोडं काहीतरी खावं. वाट बघताना आग्रहानं पुढे येणारा दुसरा आणि तिसरा चहा मात्र नाकारावा. धडधड वाढवायला तो पुरेसा असतो.

वाट बघणं हा वेगळाच छळ आहे. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार आणि पाहुण्यांच्या परिचयाची दोन पानं. नवख्या वक्त्याची सगळी शक्ती या तासाभरात खर्ची पडते. आयोजकांनी नवख्याला आधी बोलू द्यावं. मुरलेले वक्ते थांबू शकतात. बोलणाऱ्यानं लवकर जावं, रिकाम्या सभागृहात स्टेजवर चढून दोन वाक्यं बोलून बघावीत आणि पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांशी चार शब्द बोलून घ्यावेत. नंतर बोलताना नजर त्याच चेहऱ्यांवर टेकवता येते. ‘समोर सगळे दगड बसलेत असं समज’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र सोडून द्यावा. दगडांशी कोण कसं बोलेल? एका माणसाकडे बघून एक वाक्य पुरं करायचं, मग दुसऱ्याकडे वळायचं. डोक्यांवरून भिंतीकडे बघणारा वक्ता समोरच्यांचे हसरे चेहरेही गमावतो.

आपली घालमेल सगळ्यांना दिसतेय, असं बोलणाऱ्याला वाटत असतं. ती वाटते त्याच्या मानानं फार थोडी दिसते. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना बोलण्यापूर्वी फक्त एवढंच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं आणि बघणाऱ्यांनाही. म्हणून ‘मी जरा घाबरलोय, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात करू नये. जे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते आपणच दाखवून देतो. मध्येच डोकं कोरं झालं तर थांबावं, शेवटचं वाक्य शांतपणे पुन्हा म्हणावं, कार्डाकडे बघावं, घोटभर पाणी प्यावं. बोलणाऱ्याला ही तीन सेकंदं युगासारखी वाटतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वक्ता विचार करतोय.

माइकबद्दल कुणी काही शिकवत नाही आणि निम्म्या फजित्या तिथेच होतात. माइकची जाळी हनुवटीच्या उंचीला आणि तोंडापासून चार बोटं ते मूठभर अंतरावर हवी. प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत सरळ जाळीवर बसला तर भप्‌ असा आवाज होतो, म्हणून माइक नाकासमोर न धरता किंचित तिरपा ठेवावा. जाळी मुठीत धरली किंवा माइक कर्ण्याच्या दिशेनं वळवला तर शिट्टी येते. ‘हॅलो, हॅलो’ करत टिचक्या मारू नयेत, आणि फुंकर तर मुळीच नको. आधीचा वक्ता सहा फुटी आणि पुढचं मूल पाचवीतलं, तर स्टँड खाली करायला वीस सेकंदं लागतात. टाचा उंचावून बोलणारं मूल भित्रं नसतं, त्याचा माइक उंच असतो.

उघड्यावर बोलताना आणखी एक घोटाळा होतो. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. तशा मोकळ्या जागेत लांब लावलेल्या कर्ण्यातून आपलाच आवाज उशिरा परत ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 70 मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला एक पंचमांश सेकंद लागतो, आणि भल्याभल्यांची जीभ अडखळायला एवढा उशीर पुरतो. नवख्याला वाटतं आपण घाबरल्यानं अडखळतोय. अशा वेळी वाक्यं लहान करावीत, प्रत्येक वाक्यानंतर आवाज विरू द्यावा, आणि ध्वनिव्यवस्थेवाल्या दादांना आधीच सांगून एक छोटा स्पीकर वक्त्याकडे तोंड करून ठेवून घ्यावा. जवळचा आवाज स्पष्ट ऐकू आला की लांबचा तेवढा त्रास देत नाही.

आता या जिल्ह्यापुरतं, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या भागांत अनेक घरांत अहिराणी बोलतात. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आणि डांगी आहे. अहिराणी घरातलं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, ‘डोळा’चा ‘डोया’ करतं. घरी, शेतात, बाजारात ते घडाघडा बोलत असतं. त्याला बोलण्याची भीती नसते, त्याला ‘ण’ची आणि ‘ळ’ची भीती असते. शहरातल्या स्पर्धेत त्याच्या पहिल्याच ‘पानी’ला मागच्या बाकावर खसखस पिकते आणि गुणपत्रिकेत ‘उच्चार’ या रकान्यात दहापैकी तीन पडतात. घाबरून बोलणाऱ्याचं लक्ष एकाच वेळी काय सांगायचं आणि जीभ कुठे टेकवायची या दोन गोष्टींवर राहू शकत नाही. दुसरीवर गेलं की पहिली सुटते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी त्याच्या बोलीत मनमोकळं बोलू द्या, आठ-दहा वेळा. भीड चेपली की प्रमाण उच्चार वेगळे, एकेका अक्षरावर, महिनाभरात बसवता येतात. तोवर ‘उच्चार’ऐवजी ‘शेवटच्या रांगेत ऐकू आलं का’ असा रकाना ठेवावा. आपण 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो; त्याच दिवशी होणाऱ्या स्पर्धेत मराठीच्याच एका बोलीचे गुण कापणं निदान नाशिकला तरी शोभत नाही.

मोठ्या माणसांना स्टेज क्वचितच मिळतं, पण बोलायची गरज रोज पडते: सोसायटीच्या बैठकीत, शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत. इथे भाषण नकोच, चार वाक्यं पुरतात: मी कोण, अडचण काय, कधीपासून आणि कुणाला, काय हवं. उदाहरणार्थ, “मी खालच्या वस्तीवरून आलेय. आमचा हातपंप 12 दिवसांपासून बंद आहे. 30 घरांना दीड किलोमीटरवरून पाणी आणावं लागतंय. सोमवारपर्यंत दुरुस्ती व्हावी आणि हे आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं.” वीस सेकंदांचं काम. शेवटचं वाक्य विसरू नये, इतिवृत्तात नसलेलं बोलणं वाऱ्यावर जातं. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ही महिला सभा पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती उरते. खरं तर ग्रामसभेत बोलण्याची ती आयती रंगीत तालीम आहे: तीच चार वाक्यं आधी ओळखीच्या बायांसमोर, मग सगळ्या गावासमोर.

भीती घालवण्याची रीत हीच, पायरीपायरीनं. आधी एकट्यानं मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, मग घरातल्या एकासमोर, मग चौघांसमोर, मग परिपाठात सुविचार किंवा एखाद्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन, मग भाषण. एकेका पायरीवर तीन-चार वेळा, आठवड्यात दोनदा तरी. महिन्यातून एकदा बोललं तर दर वेळी भीती नव्यानं सुरू होते. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे भीती ऐन टिपेला असताना खाली उतरणं. उतरल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू नेमकं तेच शिकतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळायला लावतो. म्हणून अडलं तरी उभं राहावं, एखादं साधं वाक्य बोलावं, धडधड जराशी उतरू द्यावी आणि मगच खाली यावं. रडत उतरणाऱ्या मुलाला ‘जाऊ दे, बस’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी त्याच तासाला त्याच्याकडून बाकाशेजारी उभं राहून एखादं वाक्य बोलवून घ्यावं.

धडधड थांबवणाऱ्या गोळीची चौकशीही आम्हाला नेहमी होते. प्रोप्रॅनोलॉलनं थरथर आणि धडधड कमी होते हे खरं, पण दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते आणि तिनं रक्तदाब व नाडी उतरते. मित्रानं दिली म्हणून किंवा औषधाच्या दुकानातून मागून घ्यायची ही गोष्ट नव्हे. तोतरेपणाचं मूळ वेगळं; तिथे वाचा-उपचार तज्ज्ञ हवा, स्टेजवर ढकलणारा शिक्षक नको. आणि जो मुलगा तोंडी परीक्षा टाळतो, हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घामाघूम होतो, त्याची अडचण वक्तृत्वाच्या पलीकडची आहे. तिच्यावर चांगले उपचार आहेत. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

राहता राहिलं, शहरानं काय करावं. आपल्याकडे जागांची वाण नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, कालिदास कलामंदिर आहे, व्याख्यानमाला तर मोजाव्या लागतील. या ठिकाणी श्रोत्यांना बोलायची संधी शेवटच्या ‘कुणाला काही प्रश्न?’मध्ये मिळते, तीही सभागृह निम्मं रिकामं होताना. आयोजकांनी व्याख्यानानंतर दहा मिनिटं राखून ठेवावीत आणि फिरता माइक कोऱ्या चिठ्ठ्यांसह आधीच फिरवावा. ज्याला विचारायचंय त्यानं प्रश्न चिठ्ठीवर लिहावा आणि उभं राहून तो वाचून दाखवावा. वाचणं बोलण्यापेक्षा सोपं, प्रश्न भाषणापेक्षा छोटा, आणि समोर स्टेज नाही. खर्च चिठ्ठ्यांचा. दहा मिनिटं कुठून काढायची असं कुणी विचारलं, तर पाहुण्यांच्या परिचयाच्या दुसऱ्या पानातून.

आपले,
वक्तृत्वाचे दोन प्रशिक्षक, नाशिक